नंबर लॉक, पुस्तक आणि सोळा आकडे: आपोआप होणारी भाकिताची जादू

आधी बघणाऱ्याला काय दिसतं ते सांगते, मग आतलं सगळं उलगडते.

एक छोटी पेटी, तिला चार आकड्यांचं नंबर लॉक लावलेलं. जादू सुरू व्हायच्या आधीच तुम्ही ती पेटी कुणाच्या तरी मांडीवर ठेवून देता आणि त्यानंतर तिला हात लावत नाही. मग एकाला मनाने कुठलाही चार आकडी नंबर लिहायला सांगता आणि एका बाजूला बसवून आकड्यांचं एक कोडं सोडवायला देता. दुसऱ्याला सोळा आकड्यांचा कागद देता, तो त्यातले त्याला हवे ते चार आकडे निवडतो, बेरीज करतो, तिसरा कुणीतरी तेवढ्या नंबरचं पान पुस्तकात उघडतो आणि त्या पानावरचा पहिला शब्द मोठ्याने वाचतो. समजा तो शब्द आहे छत्री. आता पहिल्या माणसाचं कोडं सुटलेलं असतं, त्याचं जे उत्तर आलंय ते तो लॉकवर लावतो आणि लॉक उघडतं. पेटीत एकच कागद, त्यावर छत्रीचं चित्र.

यात हातचलाखी अजिबात नाही. काही लपवायचं नाही, बदलायचं नाही, कुणाला आधी सांगून ठेवायचं नाही. सगळं आकडेच करतात आणि म्हणूनच मला ही ट्रिक इतकी आवडते, कारण हात मोकळे असले की सगळं लक्ष समोरच्या माणसावर देता येतं.

आकड्यांच्या बहुतेक जादूंमध्ये शेवट फिका पडतो, कारण जादूगार शेवटी म्हणतो तुझं उत्तर ६६, आणि समोरच्याच्या डोक्यात लगेच येतं की हां, काहीतरी गणित असणार. त्याचं चुकतही नाही. आकडा सांगितला की डोकं गणिताकडेच जाणार. म्हणून माझं ठाम मत आहे की भाकीत आकड्याचं करूच नका, त्या आकड्याने जे उघडतं त्याचं करा. पान उघडलं, लॉक उघडलं, चित्र निघालं, की मधलं गणित लोकांच्या लक्षातून मागे पडतं आणि चित्र लक्षात राहतं.

आता सोळा आकड्यांचा कागद. हा घ्या:

२५   ३२   २२   ३०
७   १४   ४   १२
१९   २६   १६   २४
६   १३   ३   ११

समोरच्याला सांगायचं, कुठल्याही एका आकड्याला गोल कर. त्याने गोल केला की त्या आकड्याच्या आडव्या ओळीतले बाकीचे तीन आणि उभ्या ओळीतले बाकीचे तीन आकडे काट मारून टाकायचे. मग उरलेल्यातून दुसरा निवडायचा, परत तसंच, मग तिसरा, परत तसंच, आणि शेवटी एकच आकडा उरतो तो चौथा. समजा त्याने २६ घेतला, तर १९, १६, २४ गेले आणि ३२, १४, १३ पण गेले. मग उरलेल्यातून १२ घेतला, तर ७, ४, ३० आणि ११ गेले. मग ६ घेतला, तर ३ आणि २५ गेले, राहिला २२. बेरीज करा, २६ अधिक १२ अधिक ६ अधिक २२, ६६. आता तुम्ही स्वतः वेगळे आकडे घेऊन बघा, तेवढं करूनच पुढे वाचा, कारण स्वतःच्या हाताने दोनदा ६६ आल्याशिवाय याचा भरवसा बसत नाही.

नेहमी ६६ च का येतं, तर हे सोळा आकडे वाटेल तसे लिहिलेले नाहीत. चारही उभ्या ओळींच्या डोक्यावर एकेक छुपा आकडा आहे असं समजा: ४, ११, १, ९. आणि चारही आडव्या ओळींच्या डावीकडे एकेक: २१, ३, १५, २. आतला प्रत्येक आकडा म्हणजे त्याच्या डोक्यावरचा अधिक त्याच्या डावीकडचा. २५ म्हणजे २१ आणि ४, २४ म्हणजे १५ आणि ९, असं. काट मारायच्या नियमामुळे प्रत्येक आडव्या ओळीतून एकच आणि प्रत्येक उभ्या ओळीतून एकच आकडा निवडला जातो, म्हणजे कसेही निवडा, आठही छुपे आकडे बेरजेत बरोब्बर एकेकदाच येतात. वरच्या चारांची बेरीज २५, डावीकडच्या चारांची ४१, मिळून ६६. निवडता येतील असे चार-चार आकड्यांचे एकूण २४ गट आहेत आणि चोवीसच्या चोवीस ६६ वर येतात. समोरच्याला जे स्वातंत्र्य तुम्ही देताय ते खरं आहे, तो खरंच काहीही निवडू शकतो, आणि त्यामुळे तुम्हाला खोटं बोलायची वेळच येत नाही. फक्त बेरजेला दुसरीकडे जायला जागा नाही.

इथे एक घोटाळा खूप जणांचा होतो तो सांगून टाकते. हा जादूचा चौरस नाही. जादूचा चौरस म्हणजे ज्यात प्रत्येक आडवी, उभी आणि तिरपी ओळ एकच बेरीज देते, खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला आहे तसा, त्यात १ ते १६ आकडे आहेत आणि प्रत्येक ओळ ३४ देते. तो सुंदरच आहे, पण या ट्रिकला तो उपयोगाचा नाही, कारण त्यात ठरलेल्या ओळींचीच बेरीज जुळते, वाटेल तसे चार निवडले तर जुळत नाही. वर लोकांनी तो कुठेतरी पाहिलेला असतो. आपल्या कागदावरच्या चारही आडव्या ओळींच्या बेरजा एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत आणि चारही उभ्या ओळींच्याही, त्यामुळे शंका आलेल्या माणसाने आडव्या-उभ्या ओळी तपासल्या तरी त्याच्या हाताला सहसा काही लागत नाही.

सराव करायला मात्र सरळ १ ते १६ क्रमाने चार ओळींत लिहून घ्या, पहिल्या ओळीत १ ते ४, दुसरीत ५ ते ८, असं. त्यातही हाच नियम लागू पडतो आणि बेरीज ३४ येते. लोकांसमोर हा वापरू नका, क्रम दिसला की डोकं चालायला लागतं.

स्वतःचा कागद बनवणं हे या सगळ्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम, आणि ते उलट्या बाजूने करायचं असतं. आधी पुस्तक घ्या. पानं चाळत जा आणि असं पान शोधा ज्याचा पहिलाच शब्द एखाद्या वस्तूचं नाव आहे, जिचं चित्र काढता येतं. छत्री, घोडा, किल्ली, बोट, चष्मा, असं काहीतरी. आणि, पण, तो, मग असल्या शब्दांवर सुरू होणारी पानं सोडून द्या, ती खूप असतात, थोडा धीर धरावा लागतो. पान ५० ते १०० च्या मधलं असेल तर उत्तम. पानावर नंबर छापलेला आहे ना ते बघा, कारण धडा जिथे सुरू होतो त्या पानावर कधीकधी तो नसतो आणि मग समोरचा गोंधळतो. शब्द सापडला, पान सापडलं, की आता बेरीज त्या पानाच्या नंबरावर आणायची.

समजा पान निघालं ८७. आपल्या कागदाची बेरीज ६६, फरक २१. प्रत्येक आडव्या ओळीतून एकच आकडा निवडला जातो हे आपल्याला माहीत आहे, म्हणजे एखाद्या ओळीतल्या चारही आकड्यांत २१ वाढवले की बेरीज आपोआप २१ ने वाढते. एकाच ओळीत सगळे टाकले तर ती ओळ फार मोठी दिसते म्हणून मी वाटून टाकते, पहिल्या ओळीत १२ आणि तिसऱ्या ओळीत ९:

३७   ४४   ३४   ४२
७   १४   ४   १२
२८   ३५   २५   ३३
६   १३   ३   ११

कुठलेही चार निवडा, ८७. पान लहान असेल तर वाढवायच्या ऐवजी वजा करायचे, पण वजा करताना आकडे शून्यावर किंवा खाली जात नाहीत ना आणि कागदावर तोच आकडा दोनदा येत नाही ना ते बघत जा. दोनदा आला तर ट्रिक बिघडत नाही, पण समोरचा विचारतो की यातला कुठला, आणि तो प्रश्न आला की लय तुटते. अजून एक, दुसरी आणि चौथी ओळ नीट बघा, ७ खाली ६, १४ खाली १३, सगळीकडे एकाचाच फरक आहे. या दोन ओळी शेजारी लावल्या असत्या तर चाणाक्ष माणसाला लगेच दिसलं असतं, म्हणून मध्ये तिसरी ओळ घातलीय. तुमचा कागद बनवताना अशा सारख्या दिसणाऱ्या ओळी लांब लांब ठेवा.

आता लॉक.

लॉकचा नंबर ६१७४. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये हा आकडा शोधून काढला आणि तो आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. कृती अशी. कुठलाही चार आकडी नंबर घ्या. त्यातले आकडे मोठ्याकडून छोट्याकडे लावून एक नंबर करा, छोट्याकडून मोठ्याकडे लावून दुसरा करा, मोठ्यातून छोटा वजा करा. जे उत्तर येईल त्याचं परत तसंच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि तिथून पुढे हलता येत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ परत ६१७४ च. उदाहरणार्थ ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

चारही आकडे सारखे असलेला नंबर, ४४४४ सारखा, चालत नाही, कारण पहिल्याच वजाबाकीत शून्य. मी सरळ असंच सांगते की चारही आकडे वेगवेगळे असू देत. त्याचा अजून एक फायदा आहे. २१११ सारखा नंबर घेतला तर उत्तर ०९९९ येतं, कॅल्क्युलेटरवर नुसतं ९९९ दिसतं आणि समोरचा अडकतो. चारही आकडे वेगळे असले तर हे कधीच होत नाही, प्रत्येक उत्तर पूर्ण चार आकडीच येतं.

याला मी चावी म्हणते आणि समोरच्याला सांगते, "प्रत्येक नंबर असा फिरवत गेलं की कुठेतरी जाऊन अडकतो, तुझा कुठे अडकतो ते शोध, तेच उत्तर परत आलं की थांब." यात एकही शब्द खोटा नाही. पण ऐकणाऱ्याला वाटतं की प्रत्येक नंबर वेगळ्या ठिकाणी अडकत असेल, आणि तसं वाटणं हीच या भागातली सगळी जादू. म्हणून हे एकाच माणसाला करायला द्या, दोघांना दिलं आणि दोघांनी उत्तरं शेजारी ठेवली की संपलं.

आणि ही कृती माणसाच्या चुका पोटात घालते, हे मला फार भारी वाटतं. समजा त्याने मध्येच वजाबाकी चुकवली आणि भलतंच चार आकडी उत्तर आलं. काही बिघडत नाही. तो भलता नंबरही पुढे बरोबर फिरवला तर ६१७४ वरच जाणार, फक्त दोन-चार पायऱ्या जास्त लागतील. चारही आकडे सारखे आले तरच अडचण, आणि चुकून तसं होणं फारच दुर्मिळ. सोळा आकड्यांच्या कागदाचं उलट आहे, तिथे एक काट चुकली की बेरीज गेली. त्यामुळे तुमचे डोळे कागदवाल्यावर ठेवा आणि कोडंवाल्याला निवांत त्याचं काम करू द्या.

कागदवाल्याच्या दोन चुका ठरलेल्या असतात. एक, तो फक्त आडवी ओळ काटतो, उभी विसरतो. दोन, बेरजेत गडबड. पहिलीसाठी मी पहिल्या निवडीनंतर बोटाने दाखवते, ही आडवी आणि ही उभी, आणि मग पुढच्या वेळी तो आपणच करतो. शिवाय तिसरी निवड आणि काटाकाटी झाली की विचारायचं, "आता काट न मारलेला एकच उरलाय ना?" एकच उरला असेल तर सगळं बरोबर झालंय. दोन-तीन उरले असतील तर काट राहिलीय, शांतपणे म्हणा की ही ओळ राहिली बघ, आणि पुढे चला. बेरीज त्याला फोनच्या कॅल्क्युलेटरवर करू द्या, तोंडी नको. कागदाच्या दोन कोऱ्या प्रती जवळ असू देत.

आता क्रम. पेटीत चित्र ठेवा, लॉक लावा. लॉकचा नंबर बदलल्यावर पेटी उघडी असतानाच दोन-तीनदा लावून-उघडून बघा, बंद करून मग कळलं की एक आकडा सरकलाय तर त्या दिवशी काहीच होणार नाही. लॉक लावल्यावर चाकं फिरवून टाका. पेटी कुणाच्या तरी हातात द्या आणि म्हणा की यात काय आहे ते मी आधीच ठरवलंय, शेवटपर्यंत मी हिला शिवणार नाही. हे वाक्य सगळ्यांना ऐकू जाऊ दे, शेवटी लोक हेच एकमेकांना सांगतात.

मग कोडंवाल्याला कागद, पेन, कृती. एक पायरी तुमच्यासमोर करून घ्या म्हणजे त्याला नीट समजलंय की नाही ते कळतं, आणि त्याला बाजूला बसवा. त्याला वेळ लागतो, आणि हा वेळ तुम्ही कागदवाल्याबरोबर भरून काढता, म्हणून हीच पाळी ठेवा. उलटं केलं तर सगळे मिळून एकाच्या वजाबाक्या बघत बसतात आणि तेवढ्यात रंग उडतो.

कागदवाल्याबरोबर घाई करू नका. प्रत्येक निवडीच्या आधी विचारा, "बदलायचाय?" त्याने बदलला तर अजून छान. बेरीज आली की ती मोठ्याने सांगायला लावा, पुस्तक तिसऱ्याच कुणाच्या हातात द्या, पान त्याला उघडू द्या आणि शब्द वाचू द्या. तुम्ही पुस्तकापासून लांब उभे राहा. शब्द वाचला की लगेच पेटीकडे वळू नका, एकदोन सेकंद तो शब्द हवेत राहू दे, मग कोडंवाल्याला विचारा की अडकला का तुझा नंबर. तो ६१७४ म्हणेल. त्यालाच लॉक लावू द्या, त्यालाच कागद बाहेर काढू द्या. चाक फिरवताना सगळे वाकून बघतात, तेव्हा तुम्ही काहीच बोलू नका.

चित्र साधं काढा आणि मोठं काढा, आणि त्याच्या खाली शब्द लिहू नका. लिहिलेला शब्द जुळला तर लोक बरोबर-चूक तपासतात, चित्र दिसलं तर ओळखतात.

नंतर कुणीतरी नक्की म्हणणार की परत कर. पेटीची ट्रिक त्याच लोकांसमोर परत करायची नाही, लॉकचा नंबर तोच असणार आणि कोडंवाल्याला दुसऱ्यांदा ६१७४ दिसला की त्याला सगळं कळलं. पण कोरा कागद घेऊन म्हणा की ७१ ते १०० मधला कुठलाही आकडा सांगा. समजा कुणी ९२ म्हणालं. ६६ चा कागद तुम्हाला पाठ आहे, खालच्या तीन ओळी तशाच लिहायच्या, फक्त पहिल्या ओळीत फरक वाढवायचा, इथे २६, म्हणजे ५१, ५८, ४८, ५६. बारा आकडे पाठ, चारच मनात काढायचे, आणि लिहिताना ओळीने न लिहिता इकडचं एक घर तिकडचं एक घर असं भरत जायचं. ७१ च्या खालचा नंबर घेऊ नका, तिथे आकडे दोनदा यायला लागतात, ७१ पासून वर एकही परत येत नाही. मग ज्याने ९२ म्हटलं होतं त्याच्याच हातात पेन द्या आणि म्हणा, कर गोल.